शाळा साडेसहा तासांची, ड्यूटी साडेबारा तासांची

रात्रपाळी :

कोविडमुळे इंग्लंडमधील शाळा २० मार्च २०२० रोजी बंद झाल्या असे आपण सगळेच म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. ज्यांच्या कामावाचून देशाचे चालणार नव्हते अशा आईबापांची, म्हणजे इकडच्या भाषेत 'की वर्कर'ची मुले, तसेच समाजसेवा विभागाच्या देखरेखीखाली असलेली किंवा विशेष शैक्षणिक गरजांचा आराखडा मंजूर झालेली मुले यांच्यासाठी त्या उघड्याच होत्या, आणि पुष्कळ ठिकाणी ईस्टरच्या सुट्टीतही उघड्या राहिल्या. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझा नवरा बस चालवतो, त्यामुळे आमच्या सात वर्षांच्या मुलीला ही जागा मिळाली. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की ही व्यवस्था आखणाऱ्यांनी कामगार मोजले, पण त्यांच्या कामाचे तास मोजायचे राहून गेले.

माझा 'लाँग डे' सकाळी साडेसातला सुरू होऊन रात्री आठला संपतो. शाळेचे दार पावणेनऊला उघडते आणि सव्वातीनला मुले बाहेर पडतात. एरवी मधली भोके सकाळचा ब्रेकफास्ट क्लब आणि शाळेनंतरचा क्लब बुजवत असत. आमच्या शाळेतले हे दोन्ही त्याच आठवड्यात बंद झाले. चाइल्डमाइंडरना, म्हणजे स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या बायांना, की वर्करची मुले सांभाळण्याची परवानगी होती, परंतु आमच्या चाइल्डमाइंडरचा नवरा आजारी असल्यामुळे तिने नकार दिला, आणि त्यात तिचे काहीही चुकले नाही. आमचे आईवडील भारतात, आणि मार्चअखेर विमानेच थांबलेली. ज्यांचे आजी-आजोबा दोन गल्ल्या पलीकडे राहत होते त्यांनाही तिथे मूल ठेवण्याची मुभा नव्हती.

शेवटी नवऱ्याने रात्रीच्या बसची पाळी मागून घेतली. तो सकाळी परत येऊन मुलीला शाळेत सोडायचा, नऊ ते तीन झोपायचा, तिला घरी आणायचा आणि रात्री आठनंतर रुग्णालयाच्या वाहनतळावर माझी वाट पाहत थांबायचा. तिथे आम्ही अर्धवट झोपेतल्या मुलीला तिच्या सीटसकट एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवत असू. माझ्या हातात उशीच्या अभ्र्यात बांधलेला गणवेश असे, कारण तो अभ्र्यासकट थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा होता. दिवसभरात नवराबायकोची भेट होई ती एवढीच.

खरा घोळ मात्र शाळा सर्वांसाठी उघडल्यावर झाला. सप्टेंबर २०२० पासून हजेरी सक्तीची झाली आणि विनापरवानगी गैरहजेरीसाठी प्रत्येक पालकाला ६० पौंडांचा, २१ दिवसांत न भरल्यास १२० पौंडांचा दंड करण्याची तरतूद पुन्हा लागू झाली. नोव्हेंबरात वर्गातले एक मूल बाधित निघाले आणि सगळा बबल, म्हणजे एकत्र ठेवलेला मुलांचा गट, चौदा दिवसांसाठी घरी पाठवण्यात आला. नियमानुसार संपर्कात आलेल्या मुलाने विलगीकरणात राहायचे होते, पण त्या मुलाला लक्षणे नसतील तर घरातल्या इतरांवर तसे बंधन नव्हते. म्हणजे सात वर्षांचे मूल घरात बंद, आणि आईबापांना घरी थांबण्याचे कायदेशीर कारण नाही. म्हणून आठवड्याला ९५.८५ पौंडांचा तुटपुंजा आजारपण-भत्ताही नाही. कायद्याने हक्काची होती ती अवलंबितांसाठीची तातडीची रजा, आणि तिचा पगार देण्याचे बंधन मालकावर नाही. पुढच्या महामारीच्या आराखड्यात मुलांच्या सांभाळाचे तास आणि या रजेचा पगार आधीच लिहिलेला असावा, असे माझे म्हणणे आहे. आपणास काय वाटते?

खडूफळा :

रात्रपाळीताई, तुमची ओढाताण मला कळते, पण तुमच्या मागणीतला पहिला भाग मला मान्य नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेला पाळणाघर समजण्याची सवय महामारीच्या आधीपासूनची आहे. त्या दोन वर्षांत तिच्यावर सरकारी शिक्का बसला इतकेच.

जानेवारी २०२१ आठवून पाहा. चार तारखेला अनेक शाळा एकच दिवस भरल्या आणि त्याच रात्री पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून त्या पुन्हा बंद केल्या. पहिल्या टाळेबंदीत आमच्या शाळेत जेमतेम मूठभर मुले येत होती. या वेळी जानेवारीच्या मध्यापर्यंत देशातील प्राथमिक शाळांत सुमारे एक पंचमांश मुले प्रत्यक्ष हजर होती. माझ्या वर्गातली तीसपैकी बारा समोर बसलेली आणि अठरा पडद्यावर. पडद्यावरच्यांना, वयानुसार, रोज तीन ते चार तासांचे शिक्षण देणे शाळेवर बंधनकारक होते. समोरचा एखादा मुलगा शौचालयाला जायचे म्हणून हात वर करी, त्याच वेळी पडद्यावरची मुलगी आवाज येत नाही म्हणून रडकुंडीला येई, आणि दोघांना द्यायला मी एकटीच असे. १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातील कलम ४४ च्या आधारे असुरक्षित वर्गात येण्यास नकार देणारे पत्र मीही त्या आठवड्यात लिहिले होते. पुढे शाळा बहुतेकांसाठी बंद झाली म्हणून मी ते मागे घेतले, पण ते लिहिल्याची मला लाज वाटत नाही.

या गर्दीचे एक कारण असे की दोघांपैकी एकच पालक की वर्करच्या सरकारी यादीतला असला तरी मुलाला जागा मिळत होती. मूल घरी सुरक्षित राहू शकत असेल तर त्याला घरीच ठेवावे, ही ओळ सूचनेत होती, पण ती वाचली किती जणांनी? दोन्ही पालक की वर्कर असण्याची, किंवा एकच पालक असण्याची अट पहिल्या दिवसापासून घातली असती, तर तुमच्यासारख्यांना अधिक तास देणे कदाचित शक्य झाले असते.

हिशेबनीस :

ती ओळ न वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. मी बँकेत काम करतो. आरोग्य, शिक्षण, अन्नपुरवठा, पोलीस, वाहतूक, वीज-पाणी यांच्या जोडीला वित्तीय सेवाही यादीत होत्या, आणि मी घरून काम करत असूनही जानेवारीत मुलाला शाळेत पाठवले. बायको कपड्यांच्या कंपनीच्या कार्यालयात आहे. तिने मुलासाठी फर्लो, म्हणजे कामावरून तात्पुरती पगारी सुट्टी, मागितली, आणि तसे करण्यास योजनेत पूर्ण मुभा होती. शिवाय सरकार ८० टक्के पगार, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, देत होते. कंपनीने काम आहे म्हणून नकार दिला. चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन तिने आठवडाभर बैठका केल्या. त्यानंतर मी शाळेला अर्ज केला, आणि आजही मला तो गैर वाटत नाही.

खडूफळा यांची अट कागदावर नीटस दिसते, पण तिच्यात घरी थांबणारा पालक, म्हणजे बहुतेक घरांत आई, हा सांभाळाचा फुकट साठा म्हणून गृहीत धरलेला आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबाने की वर्करच्या व्याख्येत १ कोटी ६ लाख लोक, म्हणजे एकूण नोकरदारांपैकी सुमारे एक तृतीयांश बसत होते. व्यवसायांची यादी करण्याऐवजी 'हे काम घरून होते का, आणि त्या वेळी घरात दुसरे मोकळे माणूस आहे का' एवढे दोनच प्रश्न विचारले असते, तर बस चालवणारा आत आला असता आणि मी कदाचित बाहेर राहिलो असतो.

तिऱ्हाईत :

चर्चेत विषाणूलाच कोणी बोलावलेले दिसत नाही, म्हणून हा कडवट प्रतिसाद. शाळा बंद करण्यामागे संपर्क कमी करणे हा हेतू होता. पहाटेचा क्लब, मग वर्ग, मग संध्याकाळचा क्लब अशी साखळी केली की तीन वर्गांची मुले आणि तीन वेगळ्या पाळ्यांची माणसे एकत्र येतात, आणि वर त्यातल्या निम्म्या मुलांचे आईबाप थेट कोविड वॉर्डातून घरी आलेले असतात. आजी-आजोबांकडे मूल ठेवायला बंदी होती ती क्रूरपणामुळे नव्हती. सत्तरीपुढच्यांना धोका सर्वाधिक होता. सांभाळापुरते दोन कुटुंबांना जोडणारा 'चाइल्डकेअर बबल' सप्टेंबर २०२० मध्ये आला. तो आधी यायला हवा होता हे मी मान्य करीन, पण एवढेच.

दोघेही यादीतले असतील तर एकाला पूर्ण पगारी रजा देऊन घरी बसवा. ते स्वस्त पडेल आणि सुरक्षितही.

रात्रपाळी :

तिऱ्हाईत, आमच्या वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक परिचारिकांच्या घरी शाळकरी मुले होती. एप्रिल २०२० मध्ये त्यातल्या प्रत्येकीला रजा दिली असती, तर श्वास सुधारावा म्हणून रुग्णाला पालथे करायला जी पाच-सहा माणसे एका वेळी लागत ती कुठून आणली असती? आमची गरज होती म्हणूनच तर मुलांना जागा दिली गेली. मात्र ज्या चौदा दिवसांत शाळाच मुलाला घरी पाठवते, त्या दिवसांपुरती तुमची पगारी रजा मी आनंदाने स्वीकारते.

त्याच दिवसांबद्दल एक गोष्ट सांगते. घरी पाठवलेल्या मुलांसाठी शाळेच्या हजेरीपटात 'एक्स' हे अक्षर लिहिले जाई. ते अक्षर असले की ती गैरहजेरी धरली जात नसे, दंडाचा प्रश्नच येत नसे; शिक्षण खात्याने विचारपूर्वक केलेली ती सोय होती. मी मात्र त्या चौदा दिवसांतल्या सहा ड्यूटी बुडवल्या आणि आमच्या तक्त्यात त्यांच्यापुढे काय लिहायचे हे वॉर्डच्या मॅनेजरला ठरवता येईना. आधी आजारपण लिहिले, ते खोडले, मग वार्षिक रजा लिहिली, आणि शेवटी त्यातल्या दोन दिवसांचा पगार कापला गेला. कापलेल्या पैशापेक्षा ती खाडाखोड मला जास्त लागली.

दुकानातली :

मी यादीबाहेरची आहे. कपड्यांच्या दुकानात काम करत होते, दुकान बंद झाले, मला फर्लो मिळाली, म्हणजे तुमच्या हिशेबाने मी सुखी. दोन मुले आणि एकच फोन होता. शाळेचा लॅपटॉप आला तेव्हा मार्च उजाडला होता आणि आठ तारखेला शाळा उघडणार होत्या. की वर्करची मुले तेव्हा शिक्षकांसमोर बसत होती, हे कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते.

हजेरीचा प्रश्नही तिथूनच पुढे आलेला मला दिसतो. शाळेची दहा टक्के किंवा त्याहून जास्त (अर्ध्या दिवसाची) सत्रे बुडवणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये १०.९ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते २२.५ टक्के झाले, आणि त्यानंतरच्या वर्षीही एकवीस टक्क्यांवर राहिले. त्यातला काही भाग आजारपणाचा असेल, पण सगळा नाही. माझ्या धाकट्याला शाळेच्या फाटकाशी पोट दुखू लागे, आणि महिनोन्महिने शाळेविना चालते हे आपणच त्याला शिकवले असताना आता एका दिवसासाठी दंडाची भाषा कशी करायची, हे मला समजत नसे.

खडूफळा :

दुकानातली यांना एक दुरुस्ती सुचवते. आमच्यासमोर बसलेली मुले फार काही शिकत होती असे समजू नका. पहिल्या टाळेबंदीत पाच वेगवेगळ्या इयत्तांची अकरा मुले एका सभागृहात, दोन-दोन मीटरवर टेबले मांडून बसलेली असत आणि टीचिंग असिस्टंट त्यांच्याकडून तोच गृहपाठ करून घेई जो तुमच्या मुलांना पाठवला जात होता. फरक होता तो लॅपटॉपचा आणि शेजारी मोठे माणूस असण्याचा. तो छोटा नाही हे मला मान्य आहे.

पगारी रजेबाबत मी रात्रपाळीताईंच्या बाजूने आहे, आणि यादीबद्दल हिशेबनीस यांचे दोन प्रश्न मला माझ्या अटीपेक्षा बरे वाटले. सकाळ-संध्याकाळच्या तासांवर मात्र मी अडून आहे. लसीकरणाच्या पहिल्या टप्प्यात आरोग्य कर्मचारी दुसऱ्या क्रमांकाच्या गटात होते. शिक्षक आणि शाळेतले इतर कर्मचारी व्यवसाय म्हणून कोणत्याच गटात नव्हते, वयाप्रमाणे वाट पाहत होते. काम अत्यावश्यक, पण माणूस नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावला.

रात्रपाळी :

लसीचा मुद्दा मला मान्य आहे. तुम्हाला ती आमच्याबरोबरच मिळायला हवी होती. म्हणून मागणी दुरुस्त करते. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या तासांसाठी शिक्षकांना बोलवायचे नाही. स्थानिक परिषदेने वेगळी माणसे नेमावीत, त्यांना लस आणि संरक्षक साधने आमच्यासारखीच मिळावीत, पगार आरोग्यसेवेच्या अंदाजपत्रकातून यावा आणि शाळेने फक्त सभागृह द्यावे. सकाळी पावणेसातला दार उघडले की पुरे.

खडूफळा :

पावणेसातला दार उघडायचे तर किल्ली घेऊन साडेसहाला कोणीतरी हजर असले पाहिजे. आमच्या शाळेची किल्ली केअरटेकरबाईंकडे असते, आणि त्यांना दोन मुले आहेत, एक तिसरीत आणि एक पहिलीत.