रामकुंडावर विचारलं म्हणजे सिद्ध झालं?

गंगापूररोडकर
कार्तिकी एकादशीला नाशिकच्या रामकुंडात स्नान करून वर येणाऱ्यांकडून एका मंडळाने प्रश्नावली भरून घेतली. जवळपास सगळ्यांनी 'मन शांत झालं' यावर खूण केली. लगेच पोस्ट आली : 'गोदास्नानाने मानसिक आरोग्य सुधारतं हे सिद्ध, सिंहस्थात हाच अभ्यास मोठ्या प्रमाणावर करणार.' खाली नुसती फुलं आणि जोडलेले हात. मी मानसशास्त्र शिकवते, मला हे वाचून गप्प बसवेना.

स्नानाआधी त्याच माणसांचं मन कसं होतं, हे कुणी विचारलं? पहाटे थंडीत उठून रामकुंडावर येणारा माणूस मुळात श्रद्धेनेच आलेला असतो. ज्याला गर्दीचा त्रास होतो तो घरी राहिला, ज्याला चक्कर आली त्याला नातेवाईक घेऊन गेले. हे दोघे तुमच्या नमुन्यात कधी येणारच नाहीत. त्यात विचारणारा मंडळाचा बिल्ला लावलेला स्वयंसेवक. ओल्या अंगाने, हातात तांब्या धरून त्याला कोण सांगेल की मला काहीच वाटलं नाही? शिवाय तुलनेला दुसरा गट नाही. त्याच दिवशी गोदापार्कवर फिरून आलेल्यांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं कदाचित. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. आक्षेप 'सिद्ध' या दाव्याला आहे.

त्र्यंबकचा
मॅडम, माघमेळ्याचा अभ्यास तुम्हाला माहीत असेलच. प्रयागला महिनाभर राहणारे 416 कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले 127 जण. मेळ्याआधी एकदा विचारलं, नंतर एकदा विचारलं. कल्पवाशांचं स्वास्थ्य दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुधारलेलं निघालं. 2012 साली छापून आलंय, आपल्याकडचे आणि ब्रिटनचे संशोधक मिळून केलेलं. मग मंडळाने चुकीचं काय सांगितलं?

गंगापूररोडकर
तुम्ही तर माझंच म्हणणं मांडलंत. त्यांनी आधीही विचारलं, न जाणाऱ्यांनाही विचारलं. मंडळाने यातलं एकही केलं नाही.

आणि त्या अभ्यासालाही मर्यादा आहे. कोणी जायचं नि कोणी नाही हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं, लोक आपल्या इच्छेने गेले. महिना काढता येणाऱ्याची शेती, घर, म्हातारपण बघणारं मागे कुणीतरी असतं, आणि त्या आधारानेही माणूस त्या काळात सावरत जातो. बरं, जे सांगितलं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. एवढे कष्ट काढल्यावर 'फायदा झाला' असं माणूस मनापासून मानतो. अॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये हेच दाखवलं होतं : गटात शिरायला ज्यांना जास्त त्रास दिला, त्यांना तीच रटाळ चर्चा जास्त आवडली.

सिडकोची सून
आमच्या सासूबाईंचे गुडघे मागच्या सिंहस्थात, 2015 ला, अगदी धरले होते. शाहीस्नानाला काठी टेकत गेल्या आणि पुढे महिनाभर काठी लागली नाही. मी घरात होते, डोळ्यांनी पाहिलंय. तुमचे गट-बिट राहू द्या.

गंगापूररोडकर
ताई, तुमच्या सासूबाईंवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण माणूस देवाला किंवा डॉक्टरकडे धावतो तो दुखणं कळसाला पोचल्यावर. त्यानंतर ते बरेचदा आपोआपही उतरतं. म्हणून तर तेवढंच दुखणारी पण स्नानाला न गेलेली माणसं शेजारी ठेवून बघावी लागतात.

सिडकोची सून
म्हणजे आपोआप उतरलं. तुम्ही काही आमच्या घरी नव्हता.

त्र्यंबकचा
आणि मॅडम, ज्या शास्त्राच्या जोरावर बोलताय त्याचं काय? 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा 36 टक्क्यांतच ठळक निष्कर्ष पुन्हा मिळाला. त्यातून बरेचसे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेले. त्यांचा नियम पंचवटीतल्या म्हाताऱ्याला का लावायचा?

गंगापूररोडकर
36 टक्क्यांचं खरं आहे, आणि मला त्याचं दुःखही आहे. पण ती तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच केली. मंडळ आपला अभ्यास पुन्हा तपासायला तयार आहे का, तेवढं विचारून सांगा. कॉलेजच्या मुलांबद्दलही तुमचं बरोबर आहे, म्हणूनच नाशिकमध्ये नीट अभ्यास व्हावा असं मी म्हणते.

आता तुम्हीच प्रयागचा विषय काढलात म्हणून सांगते. त्याच माघमेळ्यात एक प्रयोगही झाला होता, 2013 मध्ये छापला. गोंगाटाचा एकच आवाज ऐकवला. काहींना सांगितलं की हा मेळ्यातला आहे, काहींना सांगितलं की शहरातल्या रस्त्यावरचा. मेळ्याचा समजून ऐकणाऱ्यांना तो जास्त बरा वाटला आणि त्यांनी जास्त वेळ ऐकला. कोणाला काय सांगायचं हे इथे संशोधकांच्या हातात होतं, म्हणून कारणाबद्दल इथे जास्त ठामपणे बोलता येतं. सर्वेक्षण आणि प्रयोग यांतला फरक तो हाच.

पंचवटीकर
थांबा, थांबा. आवाज एकच आणि मेळ्याचा म्हटला की बरा वाटतो? मॅडम, उद्या हाच अभ्यास दाखवून आमच्या दारात भोंगे लावतील. मागच्या सिंहस्थात आमच्या गल्लीत पहाटेपासून कर्णे सुरू होते. वडील हृदयाचे रुग्ण, उशाशी कापूस ठेवून झोपायचे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. कोणी पाळलं?

त्र्यंबकचा
बारा वर्षांनी एकदा येतं. तेवढं सहन करायला काय हरकत आहे?

पंचवटीकर
तुम्ही सहन करा ना. त्र्यंबकला कुशावर्ताजवळ घर घ्या आणि खिडकी उघडी ठेवून झोपा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोदाघाटावर राहतो, भाविकांना पाणी पाजतो, आणि आमचीच कुठल्या अभ्यासात गणती नाही. 2003 मध्ये इथेच चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. त्यांना कुठल्या प्रश्नावलीत धरणार?

त्र्यंबकचा
तो विषय इथे आणायची गरज नव्हती.

पंचवटीकर
का नव्हती? घाटावरून जो धड परत आला त्यालाच विचारता, हे मॅडम पहिल्यापासून सांगताहेत. मी फक्त नाव घेऊन सांगितलं.

गंगापूररोडकर
पंचवटीकर, त्या प्रयोगातून भोंग्यांना परवानगी निघत नाही. गोंगाट आपला वाटला की सुखावतो, एवढंच तो सांगतो. ज्याला तो आपला वाटत नाही त्याचं काय होतं, हे तुमच्या गल्लीत मोजायला हवं. आणि बरा वाटला तरी कानाला डेसिबल तितकेच बाधतात, झोपही मोडू शकते.

त्र्यंबकचा
ठीक आहे, मंडळाने 'सिद्ध' लिहायला नको होतं, एवढं मानतो. पण तुम्ही काहीच न करता नुसत्या चुका काढत बसलात तर 2027 निघून जाईल आणि पुढचं सिंहस्थ बारा वर्षांनी. पोरांनी निदान घाटावर उभं राहून कागद तरी भरून घेतले.

गंगापूररोडकर
हे मात्र रास्त आहे. मग आताच ठरवा. पर्वणीच्या दोन-तीन महिने आधी, पंचवटी, सिडको, नाशिकरोड, सगळीकडच्या मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून घरं निवडा. भाविक असो, दुकानदार असो, गर्दीला कंटाळून गावी जाणारा असो, सगळे आले पाहिजेत. विचारणारा मंडळाचा नको. झोप, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या असं मोजता येणारंही विचारा. पर्वणीनंतर त्याच घरी पुन्हा जा, आणि कोण का सापडलं नाही हेही लिहा. काय शोधणार आहात ते आधीच लिहून जाहीर करा, म्हणजे नंतर सोयीचं तेवढंच निवडता येणार नाही. प्रश्नावली बनवायला मी फुकट येईन.

त्र्यंबकचा
मंडळाच्या अध्यक्षांना विचारतो. ते ऐकतील याची खात्री देत नाही.

पंचवटीकर
माझं घर यादीत घाला. आणि आवाज मोजायचं यंत्र आणा, माणसांच्या आठवणीवर सोडू नका.