बिल्ला नव्हे, इटली स्टारची लघुप्रतिकृती

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात मिळालेल्या नखाएवढ्या सहा टोकांच्या ताऱ्याचा फोटो टाकून इथं एकानं 'हे काय?' असं विचारलंय. त्याला कुणी शाळेचा बिल्ला ठरवलंय, कुणी नाटकातलं सामान. मला दोन्ही पटत नाही. फोटो मोठा करून बघा: मधल्या कड्यावर 'द इटली स्टार', आत मुकुटाखाली ब्रिटनचा राजा सहाव्या जॉर्जची राजमुद्रा. फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, म्हणजे इटलीच्याच झेंड्याचे रंग. दुसऱ्या महायुद्धात ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातल्या इटली मोहिमेचं हे ब्रिटिश पदक. मराठा पलटणी तिथंही लढल्या; यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्याच आघाडीवर मिळाला.

आता आकार. मूळ तारा साधारण ४४ मिलिमीटर रुंद, हा त्याच्या निम्मा. अशी छोटी पदकं सरकार देत नसे. लष्करी मेसमधल्या रात्रीच्या जेवणाच्या पोशाखावर लावायला अधिकारी ती पदरचे पैसे मोडून बनवून घेत. त्यामुळे हा जवानापेक्षा एखाद्या अधिकाऱ्याचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मागं नाव नाही म्हणून खोटा समजू नका. ब्रिटिश सैन्याला दिलेल्या मूळ ताऱ्यांवरही नाव नसे.

मात्र हल्लीच्या नकलाही भरपूर फिरतात. भिंगातून राजमुद्रेची अक्षरं बघा. कडा बोथट आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले, तर ओतीव नक्कल समजायची.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका राव! पितळ तांबूस पडतं, गिऱ्हाईक पळतं. गुजरीत सराफाकडे न्यायचीही गरज नाही, सोनं नाहीच ते. पाठीमागचा आणि कडीचा जवळून फोटो टाका.