६७ एशिया: मद्रासहून लागलेला शोध आणि मंगळाच्या दुप्पट परिभ्रमणकाळ

प्रश्न – निशाचर

नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून ६७ एशिया हा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह, आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. त्याच्याविषयी मला दोन शंका आहेत. छायाचित्रणाची मदत नसताना ताऱ्यांच्या गर्दीतून असा मंद ठिपका ओळखत कसा असत? दुसरी शंका कक्षेची आहे. एशियाला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे ३.७७ वर्षे लागतात आणि मंगळाला १.८८ वर्षे, म्हणजे हे प्रमाण जवळजवळ २:१ आहे. गुरूशी असलेल्या अशाच साध्या प्रमाणांमुळे लघुग्रहांच्या पट्ट्यात कर्कवुड फटी पडल्या. मग मंगळामुळे एशियाची कक्षा अस्थिर का होत नाही?

प्रतिसाद – चित्रास्वाती

पहिल्या शंकेपुरते लिहिते. क्रांतिवृत्तालगतच्या (आकाशातील सूर्याच्या वार्षिक मार्गालगतच्या) भागाचे, मंद ताऱ्यांपर्यंतचे नकाशे हाताशी ठेवून दुर्बिणीतून दिसणारा प्रत्येक तारा त्यांच्याशी ताडून पाहायचा, नकाशात नसलेला ठिपका आढळला की त्याची जागा मोजायची आणि तो शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकतो का हे काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री तपासायचे, अशी ती पद्धत होती. पॉगसन या कामात आधीच मुरलेले होते. ऑक्सफर्डला असताना त्यांनी इसिस, एरिआड्ने आणि हेस्टिया हे लघुग्रह शोधले होते, आणि मद्रासला येऊन काही महिने होतात न होतात तोच एशिया सापडला. पुढे तेथूनच सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा यांची भर पडली. छायाचित्राच्या काचेवरून लघुग्रह शोधण्याची सुरुवात मॅक्स वोल्फ यांनी १८९१ मध्ये केली, आणि पॉगसन यांचे निधन त्याच वर्षी झाले. त्यांचे सारे शोध नजरेच्या बळावरचे आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रतिसाद – कक्षागणित

कक्षेचे आकडे असे: सूर्यापासूनचे सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), विकेंद्रता (कक्षेचा लांबटपणा) सुमारे ०.१८५, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी कल सुमारे ६ अंश. त्यावरून उपसूर्य (सूर्यापासून सर्वांत कमी) अंतर १.९७ आणि अपसूर्य (सर्वांत जास्त) अंतर २.८७ एकके निघते. मंगळ सूर्यापासून जास्तीत जास्त १.६७ एककांपर्यंत जातो, म्हणजे दोघांमध्ये किमान ०.३ एककांचे अंतर उरतेच. शिवाय मंगळाचे वस्तुमान गुरूच्या वस्तुमानाच्या सुमारे १/३००० आहे. २:१ या प्रमाणामुळे दोघांची गाठ दर वेळी जवळपास त्याच दिशेला पडते हे खरे. परंतु तेव्हा बसणारा ओढा इतका क्षीण असतो की गुरू पाडतो तशी फट मंगळाला पाडता येत नाही.

येथे एक गैरसमज वारंवार होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गुरूशी ३:१ प्रमाण असलेली फट २.५० एककांवर आहे आणि एशिया आपल्या प्रत्येक फेरीत हे अंतर दोनदा ओलांडतो, एकदा सूर्यापासून दूर जाताना व एकदा परत येताना. तरीही त्याला धोका नाही, कारण फट ही अवकाशातील रिकामी जागा नसून सरासरी अंतरांच्या, म्हणजेच परिभ्रमणकाळांच्या, यादीतील रिकामा टप्पा आहे. त्या टप्प्यावरच्या पिंडाचा परिभ्रमणकाळ ३.९५ वर्षे, गुरूच्या ११.८६ वर्षांच्या एकतृतीयांश, असतो आणि त्यामुळे गुरूचे धक्के त्याला ठराविक लयीत बसत राहून त्याची विकेंद्रता वाढत जाते. एशियाचा काळ ३.७७ वर्षांचा असल्यामुळे ती लय जुळत नाही.

निशाचर

आभार, फट म्हणजे रिकामी जागा, असेच मी धरून चाललो होतो. या विकेंद्रतेचा परिणाम निरीक्षणात जाणवतो का?

कक्षागणित

चांगलाच जाणवतो. प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता एशिया सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असण्याची वेळ, साधारण सोळा महिन्यांनी येते. ती उपसूर्य बिंदूजवळ घडली तर एशिया पृथ्वीपासून एका खगोलीय एककाच्या आसपास असतो आणि सुमारे दहाव्या प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद) उजळतो. अपसूर्य बिंदूजवळ घडली तर तो बाराव्या प्रतीवर उतरतो. पहिल्या वेळी अंधाऱ्या आकाशात ८० मिलिमीटरची दुर्बीण पुरेल, दुसऱ्या वेळी किमान १५० मिलिमीटरची घ्यावी. तेजाची नोंद ठेवणार असाल, तर त्याचे स्वतःभोवतीचे परिवलन सुमारे १५.९ तासांचे आहे हे लक्षात घ्या. एका रात्रीत तेजातील चढउतारांचा पूर्ण वक्र मिळणार नाही, त्यासाठी अनेक रात्रींची निरीक्षणे जोडावी लागतील.