मेडिकल स्कूलच्या अर्जात जुनं संशोधन धरतात का? (अमेरिका, एमडी म्हणजे तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी)

मृण्मयी_एनजे
पुण्यात एमएस्सी करून २०१४ ते २०१६ एका लॅबमध्ये जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) होते. झेब्राफिशवर (प्रयोगांत वापरतात तो छोटा मासा) काम, एका पेपरवर चौथं नाव. मग लग्न, न्यू जर्सी, डेटाची नोकरी. आता ग्रीन कार्ड आलंय आणि डॉक्टर व्हायचा जुना किडा परत वळवळतोय. ते संशोधन अर्जात लिहू की शिळं म्हणून सोडू?

खडूफळा
बिनधास्त लिहा. शिळी होते ती एमकॅट, म्हणजे तिथली मेडिकलची प्रवेश परीक्षा. दोन-तीन वर्षांपलीकडचा स्कोअर बहुतेक कॉलेजं घेत नाहीत. संशोधनाला तशी मुदत नसते. सहसा गाळतात ते शाळेतले उद्योग.

ॲमकॅसमध्ये (बहुतेक एमडी कॉलेजांचा सामायिक ऑनलाइन अर्ज) कामं-अनुभवांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी, प्रत्येकीला ७०० अक्षरं. तीन 'सर्वांत महत्त्वाच्या' निवडता येतात, त्यांना आणखी १३२५. पेपरची नोंद वेगळी करा. कामाचे तास फुगवून लिहू नका. आणि मुलाखतीत "तुमचा प्रश्न काय होता, उत्तर काय निघालं?" असं विचारलं की चाचपडू नका. दहा वर्षांपूर्वीचा आपलाच पेपर परक्यासारखा वाटतो, म्हणून आधी नीट वाचून ठेवा.

सावळ्या
+१. पण एमडी-पीएचडीला (डॉक्टरकी आणि संशोधन, दोन्ही पदव्या एकत्र) जाणार असाल तर गणित वेगळं. तिथे संशोधनावर १०,००० अक्षरांचा वेगळा निबंध असतो, नुसत्या जुन्या कामावर तो पेलणं अवघड. अलीकडचं काहीतरी हवंच.

आजीचा_बटवा
संशोधनाचं राहू द्या, मूळ दुखणं दुसरीकडे आहे. पदव्या भारतातल्या ना? परदेशी गुण ॲमकॅस सहसा पडताळत नाही आणि बऱ्याच कॉलेजांना आवश्यक विषय अमेरिका-कॅनडातलेच लागतात. आधी हव्या त्या कॉलेजांचे नियम वाचा, मग ते विषय कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक, दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज) केलेले चालतात का ते विचारा. शिवाय पेशंटजवळचा अनुभव ताजा हवा. हॉस्पिटलात स्वयंसेवा, डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम बघणं) आजच सुरू करा. डेटाच्या नोकरीतून एकदम इकडे का, हे त्याशिवाय कुणाला पटणार?



मृण्मयी_एनजे
बाप रे, विषयांचं डोक्यातच नव्हतं. गाइड आता निवृत्त आहेत, त्यांचं पत्र चालेल?

खडूफळा
चालेल, पण आजच्या तारखेचं, सहीचं घ्या. लेटरहेडचं जुन्या संस्थेला विचारा. सरांना तुमचा सीव्ही आणि तो पेपर आधी पाठवा, म्हणजे पत्र "कष्टाळू मुलगी" एवढ्यावर थांबणार नाही.