इंजिनचा 'वेग', 'रेस' की 'फेरे'?

एका तांत्रिक मजकुराचं मराठी करतोय. माझंच वाक्य बघा: 'वरचा गिअर टाकल्यावर वेग तोच राहतो, पण वेग कमी होतो.' पहिला वेग गाडीचा, दुसरा इंजिनचा. इंजिनसाठी वेगळा शब्द आहे का? 'परिभ्रमण गती' सुचवू नका, हात जोडतो.

— आहे की, 'रेस'. "रेस फार झाली, गिअर टाक" म्हणताना रस्त्यावरच्या स्पीडबद्दल कोणी बोलत नसतं. गाडी जागेवर उभी असली तरी रेस देता येते, यातच सगळं आलं.

— बोलायला रेस झकास, पण '३००० ची रेस' कानाला खटकतं. मी 'फेरे' लिहितो. चाल, वेग, गती यांना शाळेच्या पुस्तकांनी आधीच तीन वेगळे अर्थ वाटून दिलेत. त्या भानगडीत पडायला नको. शिवाय फेरे म्हटलं की हिशोबही सुटतो. १८५/६५ आर १५ टायर घ्या. रुंदी १८५ मिमी, तिच्या ६५ टक्के म्हणजे १२० मिमी बाजूची उंची, ती वर-खाली दोनदा, मधे १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. व्यास साधारण ६२२ मिमी, घेर १.९५ मीटर. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला बरोबर १ किमी, तेवढ्यात चाकाचे फेरे सुमारे ५१२. टॉप गिअरला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांच्या आखावरचे गिअर) मिळून रेशो ३.५ धरला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे साडेतीन, तर इंजिनचे फेरे १८०० च्या आसपास. पहिल्यात १४ धरला तर ७१००च्या वर! इंजिन किंचाळेल.

— म्हणजे रेशो मोठा तर गिअर खालचा? मी आजवर उलटं समजत होतो.

— सायकलमुळे होतं ते. तिथे पुढचे दात भागिले मागचे दात: ४४ ला ११, रेशो ४, आणि तो सगळ्यात जड गिअर. मोटारीत इंजिनचे फेरे भागिले चाकाचे फेरे, म्हणून पहिल्याचा आकडा सगळ्यात मोठा. 'मोठा गिअर' लिहूच नका, 'वरचा-खालचा' लिहा. आणि '५ स्पीड गिअरबॉक्स'मधला स्पीड म्हणजे निव्वळ गिअर.

— 'मोठा टायर'ही तसाच फसवा. रुंद की उंच? फेऱ्यांना फक्त उंचीशी देणंघेणं. मघाच्या १८५/६५ टायरात ६५ च्या जागी ७० आलं की व्यास ६४० मिमी, घेर ३ टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटर बिचारा फेरेच मोजतो, त्याला टायर बदलल्याचं कोण सांगणार? आधी अचूक असलेला काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६२ ने पळत असते. पिकअप मार खातो तो वेगळाच.

— ठरलं. गाडीला वेग, इंजिनला फेरे, संवादात रेस. मग इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरला 'फेरेमापक' करू?

— नको. 'आरपीएमचा काटा' म्हणा, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे.