मझल ब्रेकमुळे रिव्हॉल्व्हरचा धक्का नेमका कशाने कमी होतो?

प्रश्न
स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये आणलेल्या मॉडेल ५०० या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या लांब नळीच्या टोकाशी छिद्रांचा कॉम्पेन्सेटर, म्हणजे दारूचा वायू पुढे न जाता छिद्रांतून सोडणारा एक प्रकारचा मझल ब्रेक, असतो. गोळी जितक्या संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) पुढे जाईल तितकाच संवेग मागे येणार, हे न्यूटनने सांगून ठेवले असताना ही छिद्रे नेमके काय वाचवतात?

प्रतिसाद १
गोळीच्या वाट्याचा धक्का कोणताही ब्रेक टाळू शकत नाही; टळतो तो वायूच्या वाट्याचा. ३५० ग्रेनची, म्हणजे सुमारे २२.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटली, तर तिचा संवेग ११ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदाहून थोडा अधिक भरतो. तिच्यामागची दारू अडीच ग्रॅम धरली, तरी जळून झालेला वायू गोळीच्या दुपटीहून अधिक वेगाने बाहेर पडत असल्यामुळे आणखी तीनेक एककांची भर घालतो. हा सगळा वायू काटकोनात वळवला, तरी एकूण धक्क्याचा जेमतेम पाचवा हिस्सा कमी होईल. तो मागच्या दिशेने वळवला तरच त्याहून अधिक. तोफेत गोळ्याच्या वजनाच्या मानाने दारू बरीच जास्त असते, म्हणून तिथे ब्रेक अधिक फलदायी ठरतो.

प्रश्नकर्ता
पण वायू सुटेपर्यंत धक्का हाताला बसून गेलेला नसतो का?

प्रतिसाद २
नसतो. सुमारे दोन किलोचे ते रिव्हॉल्व्हर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत फार तर दोन-तीन मिलिमीटर मागे सरकते, आणि हाताला जे जाणवते ते बहुतांशी त्यानंतरचे असते. शिवाय नळी मुठीच्या वर असल्याने धक्का नुसता मागे ढकलत नाही, तर नळीचे तोंड वर उचलतो. वरच्या छिद्रांतून उसळणारा वायू ते खाली दाबतो. माझ्या मते हातबंदुकीत हा दुसरा फायदाच मोठा आहे, कारण वायू नळीच्या अगदी टोकाशी, म्हणजे मनगटापासून सर्वांत दूर, जोर लावतो.

प्रतिसाद ३
याची किंमत कानांना मोजावी लागते. एरवी पुढे जाणारा स्फोटाचा आवाज नेमबाजाकडे आणि शेजारच्याकडे वळतो, त्यामुळे बंदिस्त रेंजवर अशा शस्त्राच्या बाजूला उभे राहणे त्रासाचे होते. उघड्या शिशाच्या, म्हणजे वर दुसऱ्या धातूचे आवरण नसलेल्या, गोळ्या वापरल्यास छिद्रांत शिशाचा थर साचतो आणि तो वेळोवेळी खरवडून काढावा लागतो.