जिओपॉलिमर मॉर्टरमधे नॅनो सिलिका हवीच का?

राखवाला: माझं मत आहे की हवीच. जिओपॉलिमर मॉर्टर म्हणजे सिमेंटऐवजी फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख) अल्कलीच्या द्रावणानं घट्ट केलेलं मॉर्टर. नुसती फ्लाय अ‍ॅश आणि अल्कली घेतली तर साध्या तापमानाला मॉर्टर लवकर ताकद धरत नाही, ६० ते ८० अंशाला २४ तास भाजावं लागतं, आणि बांधलेली भिंत काही ओव्हनमधे ठेवता येत नाही. २ टक्क्यांच्या आसपास नॅनो सिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) टाकली की फरक पडतो, कण इतके बारीक की अल्कलीत पटकन विरघळतात, सगळं जोडून धरणारं जेल बनायला लागणारी सिलिका सुरुवातीलाच मिळते, उरलेले कण पोकळ्या बुजवतात, पाणी कमी मुरतं.

साइटवरचा: लॅबमधे ठीक आहे हो. पोत्यातली पावडर सरळ मिक्सरमधे ओतली की गुठळ्या होतात. ताकद तपासायचे क्यूब (ठोकळे) फोडल्यावर आत पांढरे टिपके मी स्वतः बघितलेत, नखानं खरवडलं की भुकटी निघत होती आणि भेग बरोब्बर त्यांच्यातूनच गेलेली. प्रमाण वाढवत गेलं तर ताकद उलट उतरते. त्यात मॉर्टर इतकं घट्ट होतं की थापी ओढवत नाही, मग गवंडी वरून पाणी मारतो, अल्कली पातळ होते आणि सगळी मेहनत वाया.

मिक्सडिझाइन: मला तर नॅनोची गरजच कळत नाही. राखेत थोडा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी, दळलेली) मिसळा, त्यातल्या कॅल्शियममुळे न भाजताही सेट होतं. ऑस्ट्रेलियात वेलकॅम्पचा विमानतळ २०१४ मधे सुरू झाला, तिथलं जिओपॉलिमर काँक्रीट स्लॅग आणि फ्लाय अ‍ॅशचंच आहे.

राखवाला: मान्य, पण स्लॅग वाढवला की सेटिंग फार घाईत होतं आणि आकुंचनाच्या भेगा येतात, शिवाय चांगला स्लॅग सिमेंटवाले आधीच उचलतात, राख मात्र तळ्यांमधे साचून पडलीये. आणि गुठळ्यांचं म्हणाल तर पावडर घेऊच नका, पाण्यात आधीच पसरवलेली कोलॉइडल सिलिका मिळते, फक्त तिच्यातलं पाणी एकूण पाण्यात धरा. हे विसरतात आणि मग नॅनोला नावं ठेवतात.

साइटवरचा: पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, मी पण आधी धरत नव्हतो. पण मूळ हेतू काय होता, टाकाऊ मालातून कमी कार्बनचं बांधकाम. फ्यूम्ड सिलिका, म्हणजे पावडरीतली नॅनो सिलिका, १००० अंशाच्या वरच्या ज्वाळेत बनते, अल्कलीच्या द्रावणातलं सोडियम सिलिकेटही भट्टीतूनच येतं, मग वाचवलेला कार्बन मागच्या दारानं परत आत घ्यायचा का?

राखवाला: म्हणून तर तांदळाच्या तुसाची राख बघा म्हणतो, बेतानं जाळली तर अस्फटिक (अल्कलीत सहज विरघळणारी) सिलिका मिळते, बारीक दळावी लागते एवढंच.

मिक्सडिझाइन: तूस पण दर वेळी सारखा जळत नाही. आणि फ्लाय अ‍ॅशची खेप बदलली, न जळलेला कार्बन वाढला, की तेच मिक्स वेगळं वागतं, त्यावर तुमच्या २ टक्क्यांकडे काही इलाज नाही. प्रत्येक खेपेची नॅनोसकट आणि नॅनोशिवाय अशी क्यूब टेस्ट केली असेल तर ७ आणि २८ दिवसांचे आकडे टाका, मग पुढचं बोलू.